घाटाची बखर आणि घाटाची कैफियत

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला पाठीमागून बँकर इंजिने जोडली गेली, पळसदरी मागे पडली आणि डब्यांच्या साखळीतून तो ओळखीचा मंद धक्का सरकत गेला, की मी हातातील वर्तमानपत्र मिटून ठेवतो. कारण यापुढील अर्ध्यापाऊण तासात खिडकीबाहेर जे दिसते ते पाहण्याचा मला अद्याप कंटाळा आलेला नाही. उल्हास नदीचे खोल खोरे, पलीकडे राजमाचीचे जोडकिल्ले, पावसाळ्यात कड्याकड्यांवरून कोसळणारे पाणी, आणि या साऱ्यांच्या मधून, कधी डोंगराच्या पोटात शिरत तर कधी त्याच्या खांद्यावर रेलत, वर चढणारे रूळ. या रुळांचा इतिहास ज्याने प्रथम लिहिला तो पुरुष इतिहासकार म्हणून कोणाच्या ध्यानात नाही. जेम्स जॉन बर्कले यांचे नाव घेतले जाते ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता म्हणून; पण मला ते आमच्या घाटाचे पहिले बखरकार वाटतात.

बखर हा शब्द मी विचारपूर्वक योजिला आहे. आपल्याकडील बखरकार हा बहुधा दरबारातील कारकून, चिटणीस किंवा मुत्सद्दी. ज्या घटनेविषयी तो लिहितो तिच्याशी त्याचा स्वतःचा संबंध असतो, धन्याच्या सांगण्यावरून किंवा धन्याच्या कीर्तीसाठी त्याची लेखणी चालते, आणि तरीही जे त्याने डोळ्यांनी पाहिले ते नंतरच्या कोणत्याही पंडिताला पाहता येत नसल्यामुळे त्याच्या शब्दांना मोल चढते. बर्कले यांचे लेखन नेमके या जातीचे आहे. डिसेंबर १८५७ मध्ये, उत्तर हिंदुस्थान बंडाच्या वणव्यात होरपळत असता, मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे त्यांनी बोरघाटाच्या चढावावर एक निबंध वाचला. तीन वर्षांनी, डिसेंबर १८६० मध्ये, त्याच संस्थेपुढे थळघाटावर दुसरा. आणि या दोहोंच्या दरम्यान लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे हिंदी रेल्वे आणि विशेषतः ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांचे वर्णन करणारा विस्तृत प्रबंध सादर झाला. घाटातील काम चालूच होते, बोगदे अर्धेमुर्धे खणले गेले होते, पुलांच्या कमानींना लाकडी आधार होते. आणि अशा वेळी हा मनुष्य त्या कामाचा इतिहास लिहीत होता.

त्यांच्याही आधी या वाटेवर लेखणी आणि मोजणीची साखळी दोन्ही जवळ बाळगणारा एक गृहस्थ येऊन गेला होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. जॉर्ज टॉमस क्लार्क हे विलायतेत ब्रुनेल यांच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर राबलेले अभियंता. त्या रेल्वेवरील प्रसिद्ध चित्रग्रंथाचा मजकूर त्यांच्याच लेखणीतून उतरला असे मानले जाते. १८४३ च्या सुमारास ते मुंबईस आले, शहरातील मैलापाण्याच्या व्यवस्थेविषयी त्यांनी सरकारास अहवाल दिला, मुंबईपासून ठाण्यापर्यंत लोहमार्ग नेण्याच्या कल्पनेचा पुरस्कार केला, आणि मुख्य अभियंत्याची जागा देऊ केली असता येथील हवामान मानवत नाही म्हणून ती नाकारून ते मायदेशी परतले. पुढे वेल्समधील डाउलेसच्या लोखंडी कारखान्याचा कारभार त्यांनी कित्येक वर्षे पाहिला, आणि उतारवयात मध्ययुगीन किल्ल्यांचा व ग्लॅमॉर्गन परगण्यातील घराण्यांचा अभ्यासक म्हणून इतकी ख्याती मिळविली, की आज त्यांचे नाव घेणारा मनुष्य बहुधा रेल्वेचा नसून गढ्यांचा आणि वंशावळींचा असतो. जो सह्याद्रीच्या पायथ्याशी राहता तर कदाचित आपल्या दुर्गांचाही पहिला इतिहासकार झाला असता, तो ठाण्याच्या वाटेवरून मागे फिरला याची मला नेहमी हळहळ वाटते.

क्लार्क यांनी नाकारलेले आसन बर्कले यांच्या वाट्याला आले. २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे जन्मलेले हे गृहस्थ रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या तालमीत तयार झाले होते, आणि कंपनीचे सल्लागार असलेल्या स्टीफन्सन यांच्याच शिफारशीवरून फेब्रुवारी १८५० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते मुंबई बंदरात उतरले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीवजवळ पहिली कुदळ पडली आणि १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी, तोफांच्या एकवीस आवाजांच्या सलामीत, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन पहिली गाडी बोरीबंदराहून एकवीस मैलांवरील ठाण्यास निघाली. ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिच्यावर मी अधिक शाई खर्ची घालीत नाही. बर्कले यांच्या दृष्टीने ठाणे ही केवळ देवडी होती. खरा वाडा घाटावर होता, आणि त्याचे दार सह्याद्रीने लावून घेतले होते.

त्या दाराची जुनी वहिवाट बोरघाटातूनच होती. पेशवाईत या वाटेचे महत्त्व एवढे, की घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणीसांनी महादेवाचे देऊळ आणि मोठा तलाव बांधून वाटसरूंची सोय केली. इंग्रजी अमलात, १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्यांना चढता येईल असा रस्ता घाटात झाला. पण लोहमार्गाला बैलगाडीचा चढ चालत नाही. १२ मे १८५६ पासून रेल्वे खालून खोपोलीपर्यंत पोचली, १४ जून १८५८ पासून वरच्या अंगास खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत धावू लागली, आणि मधली घाटाची वाट मात्र जवळजवळ पाच वर्षे तशीच राहिली. तेव्हाचा पुणेकर मुंबईहून निघाला की खोपोलीस गाडीतून उतरत असे, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत असे, आणि खंडाळ्यास पुन्हा दुसऱ्या गाडीत बसत असे. वाफेच्या युगाचे दोन तुकडे आणि त्यांच्या मधोमध भोयांच्या खांद्यावरची पालखी, असे ते दृश्य माझ्या कल्पनेला आजही मोहविते.

या मधल्या तुकड्यासाठी बर्कले यांनी जी तजवीज केली ती आकड्यांतच सांगणे न्यायाचे, कारण आकडे हेच त्यांच्या बखरीतील वीर आहेत. समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर पळसदरीजवळ चढाव सुरू होतो आणि २०२७ फुटांवर लोणावळ्यास संपतो. म्हणजे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट उंची. सरासरीने पंचेचाळीस-सेहेचाळीस फूट पुढे गेले की एक फूट वर, आणि जेथे डोंगर अगदीच अंगावर आला तेथे सदतीस फुटांस एक फूट. एवढ्या अंतरात पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानपूल आणि लहान पूल निराळे. खंडाळ्याच्या खाली एके ठिकाणी डोंगराने पुढची वाट सर्वस्वी अडविली तेव्हा कड्याच्या टोकावर एक उलट स्थानक योजण्यात आले. चढून आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. शरण आल्याचा आव आणून शत्रूला बगल देण्याची ही युक्ती आपल्या गनिमी काव्याच्या वारसांना परकी वाटू नये. ही आखणी एका बैठकीत झालेली नाही. वर्षानुवर्षे मोजणीदारांच्या तुकड्या या दऱ्यांतून फिरल्या, एक रेषा काढावी, पुसावी, आणखी दहा हात डावीकडे काढावी, असे चालले. कित्येक ठिकाणी तर पाय ठेवण्यास जागा नसल्यामुळे माणसे कड्याच्या माथ्यावरून दोरांनी खाली सोडली जात आणि लोंबकळतच पहारीने खडकाला सुरुंगाची भोके पाडीत.

बर्कले यांच्या लेखनाचा पहिला गुण म्हणजे त्यांतील प्रांजळपणा. आपली पहिली आखणी हीच अखेरची, असा आव ते आणीत नाहीत. मुरूम, काळा पाषाण, चुना, विलायतेतून जहाजाने आलेले लोखंड, येथील हवेत कुजणारे लाकूड, चार महिने सारे काम ठप्प करणारा पर्जन्यकाळ, या प्रत्येकाचा ते शांतपणे हिशेब देतात. दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. हिंदी माणसाच्या हातून मोठे काम व्हावयाचे नाही, अशी समजूत गोऱ्या समाजात सर्रास असता, जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराला लोहमार्गाची कामे देण्यात आली, आणि देशी कंत्राटदार काम काटकसरीने व वक्तशीर करतात हे बर्कले यांनी मोकळेपणाने मान्य केले. स्वजातीच्या मंडळीपुढे परजातीच्या कर्तबगारीची साक्ष देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, आणि ती त्यांनी दिली म्हणून मी त्यांना केवळ कंपनीचा भाट म्हणत नाही.

आणि तरीही ही बखर वाचून मिटली म्हणजे मनात एक पोकळी राहते. जानेवारी १८६१ मध्ये बोरघाटात बेचाळीस हजारांवर माणसे कामाला होती. तेवढी वस्ती त्या काळच्या इलाख्यातील कित्येक कसब्यांची नव्हती. ही माणसे देशावरून येत, दिवाळी आटोपली की डोंगराच्या कुशीत गवताच्या खोपी बांधीत, बायकापोरांसह उतरत, आणि मृगाचे ढग दिसू लागले की पेरणीसाठी गावाकडे परतत. त्यांत दगडमातीत हयात घालविलेले वडार होते, कामाठी होते, महार-मांग होते, दुष्काळाने किंवा सावकाराने जमिनीवरून उठविलेले कुणबी होते. बर्कले त्यांच्या जाती सांगतात, त्यांच्या कामाची रीत सांगतात, त्यांचे दर सांगतात. पण त्या बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव सांगत नाहीत. मोजणीच्या साखळीला माणसाचे नाव लागत नाही. बखरीत सरदारांची नावे येतात आणि शिलेदार, बारगीर, बुणगे हे ‘लष्कर’ या एका शब्दात संपतात, तीच रीत येथेही चालली.

मजुरांच्या बाजूचा कागद म्हणजे बखर नव्हे, ती कैफियत. आणि कैफियत लिहून घेतली जाते ती बहुधा तंटा झाल्यावर. बोरघाटाचे पहिले कंत्राट फेव्हिएल नावाच्या विलायती कंत्राटदाराकडे होते आणि २४ जानेवारी १८५६ रोजी त्याने कामास प्रारंभ केला होता. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याखाली गोरे मुकादम, त्याखाली देशी मुकादम, आणि सर्वांच्या तळाशी टोपली उचलणारा मनुष्य. वरून निघालेला रुपया इतके हात बदलून खाली येईपर्यंत त्यातले काय उरत असेल हे सांगावयास नको. मजुरी थकली, खणलेल्या मातीचे माप कमी धरले जाऊ लागले, आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगा उसळला. मजुरांचे जमाव युरोपियन देखरेखवाल्यांवर चालून गेले, मारहाण झाली, एक युरोपियन कर्मचारी प्राणास मुकला. सरकारी चौकशीत बाहेर आले ते असे, की थकलेल्या मजुरीची मजुरांची तक्रार खोटी नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये फेव्हिएलने कंत्राट सोडले. पुढल्या वर्षी, १८६० चा नववा कायदा म्हणून, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजूर आणि मालक यांच्या तंट्यांचा मॅजिस्ट्रेटने सत्वर निकाल करावा असा कायदा झाला. मजुराला दाद मागण्याची वाट त्याने दिली, आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्यातच ठेवली. आमच्या घाटातील अनाम माणसांनी पगारासाठी उचललेल्या हाताचा ठसा हिंदुस्थानच्या कायद्याच्या पुस्तकात असा उमटला आहे. मजूरवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या नोंदीपाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते.

दंगा शमला तोच रोगराई आली. १८५९-६० च्या हंगामात पटकीने खोपींमध्ये जो संहार केला त्याने मजुरांचे तांडेच्या तांडे घाट सोडून निघाले. याच सुमारास नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून येऊन कामावर रुजू झाला, आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने पतीचे कंत्राट स्वतः पत्करले. परका देश, घाटात मृत्यूचे थैमान, हजारो मजुरांचे देणेघेणे, आणि स्त्रीने कारभार करावा ही कल्पनाच ज्या समाजाला विचित्र वाटे असा भोवताल; अशा स्थितीत बाईंनी ॲडम्सन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांना कारभारी नेमून काम पुढे रेटले आणि तडीस नेले. कंत्राटदाराच्या नावाच्या जागी एका विधवेचे नाव घालून एवढे प्रचंड काम पुरे झाल्याचा दुसरा दाखला त्या काळच्या हिंदुस्थानात मला आढळलेला नाही. पुण्याच्या वाटेवर रोज लक्षावधी माणसे जातात. त्यांतील किती जणांच्या कानांवर हे नाव गेले असेल?

बर्कले यांना हे काम पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. अकरा वर्षांच्या उन्हापावसाने प्रकृती खालावून ते एप्रिल १८६१ मध्ये विलायतेस परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, निवर्तले. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. थळघाटातील मार्ग इगतपुरीपर्यंत पोचावयास १ जानेवारी १८६५ उजाडला. योगायोग असा, की बोरघाट खुला झाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मडगावी जन्मलेले, लहानपणीच मुंबईस येऊन तेथलेच झालेले हे शिक्षक. ज्या नगराच्या भाग्याला या घाटाने उधाण आणले त्या नगराचा वृत्तांत त्यांनी मराठीत, येथल्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिला. मोजपट्टी हाती घेऊन लिहिणारा अभियंता आणि रस्त्यावरून चालत लिहिणारा पंतोजी, हे एकाच काळाचे दोन साक्षीदार. त्यांची भेट कधी झाली असती तर एकमेकांना त्यांनी काय विचारले असते, हा विचार मला अनेकदा चाळवितो.

बर्कले यांचे नाव मागे राहिले ते पुष्कळसे एका पारितोषिकाच्या रूपाने. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास जेम्स बर्कले यांच्या नावाचे पारितोषिक देण्याचा परिपाठ पडला, आणि १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते ज्या तरुणाने मिळविले त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दारे बसविणारा हा म्हैसूरकर ऐन उमेदीत बर्कले यांच्या नावाने गौरविला गेला होता. घाटातील दगडकामाने मात्र बर्कले यांच्या कीर्तीला इतकी साथ दिली नाही. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा कमानपूल कोसळला, आणि कंपनीच्या पुलांच्या बांधणीतील निकृष्टपणा चव्हाट्यावर आला. घाईत आणि कंत्राटाच्या चढाओढीत रचलेल्या चिऱ्यांची ही गोष्ट बर्कले यांच्या निबंधांत येणे शक्यच नव्हते. ती त्यांच्या मृत्यूनंतर पावसाने लिहिली. उलट स्थानक १९२९ पर्यंत टिकले. त्या वर्षी विजेच्या इंजिनांबरोबर नवी आखणी आली आणि गाडीने घाटात पाठ फिरविण्याची प्रथा संपली.

आणि जी कैफियत दप्तरात पडून होती तिला वाचकही अखेर मिळाला, तो पुन्हा समुद्रापलीकडचाच. कॅनडातील इतिहासकार इयान केर यांनी हिंदुस्थानातील लोहमार्गांच्या उभारणीवरील १९९५ च्या आपल्या ग्रंथात कंपन्यांचे संचालक बाजूस सारून मजूर, मुकादम आणि कंत्राटदार यांना रंगभूमीच्या मध्यभागी आणले, आणि बोरघाटातील त्या दंग्याचे व पटकीचे कागद अभ्यासकांपुढे मांडले. हे काम ज्या दप्तराच्या आधारे झाले त्याचा मोठा भाग मुंबईतच आहे. सह्याद्रीच्या या बाजूस राहणाऱ्या, मोडी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या कोणा मराठी अभ्यासकाने ते आधी करावयास हवे होते, ही खंत मी लपवीत नाही. खोपोली, खंडाळा, कर्जत, खालापूर या पट्ट्यातील जुन्या घरांतून, वडारांच्या वस्त्यांतून, ठाकरांच्या पाड्यांतून घाटाच्या कामाच्या ज्या आठवणी तोंडोतोंडी चालत आल्या असतील त्या टिपून ठेवण्याचे काम तर अजूनही कोणी करू शकेल, मात्र त्यासाठी म्हाताऱ्या माणसांपाशी बसण्यास वेळ आणि त्यांच्या बोलीला कान हवा.

उन्हाळ्यात घाटातून जाताना मंकी हिलच्या आसपास डोंगराच्या उतारावर माणसे दिसतात. पावसाळ्याआधी कड्यावरील सुटे झालेले धोंडे हुडकून खाली पाडावयाचे, म्हणजे ते जून-जुलैत रुळांवर येणार नाहीत, हे रेल्वेच्या घाटातील तुकड्यांचे दरसालचे काम. माथ्यावर दोर बांधलेला असतो, त्याला कमरेशी धरून मनुष्य कड्यावरून उतरतो, पहारीचे टोक फटीत घालतो आणि रेटा देतो. गाडी सावकाश चढत असल्यामुळे त्याचा चेहराही क्षणभर स्पष्ट दिसतो. गेल्या वैशाखात असाच एकजण डब्यापासून वीसेक हातांवर कातळाला पाय टेकून उभा होता. गाडी जाईपर्यंत त्याने पहार खांद्याला लावून ठेवली होती, आणि शेवटचा डबा बोगद्यात शिरू लागला तेव्हा त्याने वर पाहून दोर धरणाऱ्याला काहीतरी ओरडून सांगितले. त्याचे शब्द मला ऐकू आले नाहीत.